मागितली कोणी, दिली कोणी

३ ऑगस्ट, रविवार
भाताची रोवणी आटोपली. गुडघा बरा आहे. पाऊस ठीक. तलाव अर्ध्याच्या वर भरला, म्हणून हे (आमचे यजमान) खुशीत होते.

जेवताना त्यांनी विषय काढलाच. "पोळ्याआधीच्या मंगळवारी आपली ओटी. सूनबाईले सांगून ठेव."
मी म्हटलं, तुम्हीच सांगा की.
"ते बायकाईचं काम होय."
म्हणजे तलाव बांधला पुरुषांनी, आणि निस्तरायचं बायकांनी. बोलले नाही. वांग्याची भाजी चांगली झाली होती, ती कशाला बिघडवा.

४ ऑगस्ट, सोमवार
प्रज्ञाला, म्हणजे सूनबाईला, सांगितलं. वर्गात सांगायची तसंच, एका दमात. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, टिकत नव्हती, दरसाल बांधली की फुटायची. ह्यांच्या मूळपुरुषाच्या स्वप्नात देवी आली, धाकटी सून दे म्हणाली. त्यानं दिली. पाण्यात. तेव्हापासून पाळ शाबूत आहे. म्हणून आमच्या भाऊबंदांत नवी सून आली की पहिल्या वर्षी तिनं कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं. पुजारी सासूला तीनदा विचारतो, "देली का?" सासूनं तीनदा "देली" म्हणायचं. मग तो देवीकडून सुनेला परत मागून घेतो, हात धरून काठावर आणतो. मग मटण-भात. हीच आमची ओटी.

मीही उभी राहिले आहे. पाणी गार होतं आणि सासूबाईंचा आवाज खणखणीत होता, एवढंच आठवतं.

प्र. नं सगळं ऐकलं, ताट धुतलं, मग विचारलं, "तिचं नाव काय होतं, आई?"
कोणाचं?
"त्या सुनेचं."
मला माहीत नाही. ह्यांना विचारलं, त्यांनाही नाही. मूळपुरुषाचं नाव माहीत, त्याच्या बापाचं माहीत, बैलजोडीचंसुद्धा माहीत.

६ ऑगस्ट, बुधवार
प्र. गावातल्याच उपकेंद्रात सिस्टर आहे. दिवसभर लेकरांना टोचते, संध्याकाळी येऊन माझं बी.पी. बघते. आज पट्टा आवळता आवळता म्हणाली, "पाण्यात उभी राहीन मी. मले त्याचं काही नाही. तुम्ही फक्त 'देली' म्हणू नका."
एवढाच शब्द?
"तोच तं खून आहे, आई. बाकी सगळी आंघोळ."
बी.पी. वाढलेलं निघालं. तिनं दोनदा मोजलं.

७ ऑगस्ट
लाखांदूरहून प्र. च्या वडिलांचा फोन. रिटायर एस.टी. ड्रायव्हर, बोलतातही सावकाश, गिअर टाकत टाकत. "ताई, आमच्या घरी देव नाही. माह्या बापानं छप्पनच्या साली सोडले ते सोडले. पण पंचशीलातलं पहिलंच हाये, जीव घेऊ नये. पोरीले तुमच्या रीतीनं पाण्यात उभं करा, माही ना नाही. पण देलं-घेतलं करू नका. आमीच तिले देली नाही. तिनं तुमचं घर पसंत केलं."
बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग अमोलला फोन. तो भंडाऱ्याला नोकरीवर, रविवारचा पाहुणा. "आई, म्हणून टाक ना. शब्दच तं आहे." उंटावरून शेळ्या हाकायला आमचा मुलगा पहिल्यापासून हुशार. बायकोला हेच वाक्य ऐकवलंस का विचारलं, तर रेंज गेली.

९ ऑगस्ट, शनिवार
राखी. कमलबाई आल्या. माझ्या मोठ्या जाऊ, घराला घर लागून, त्यामुळे आमच्या घरात शिंकलं तरी त्यांना कळतं. बसल्या नाहीत. "म्या माह्या सुनेले देली म्हणलं त्याले तीन साल झाले. मंग म्या खून केला का माह्या सुनेचा?"
तसं कोणी म्हटलं नाही, बाई.
"मंग तू काहून म्हणून नाही राहिली?"
म्हणणार नाही असं मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. स्वतःलासुद्धा नाही. तरी हिला कळलं. करंज्या आणल्या होत्या त्या ठेवून गेल्या, म्हणजे संबंध पुरते तुटलेले नाहीत.

११ ऑगस्ट, सोमवार
पाळीवर फिरायला गेले. सोनबा जाळं सोडवत बसला होता. हा ढिवर, तलावात मासे धरतो, आणि देवीचा पुजारीही तोच. त्याचा बाप, आजा, सगळे पुजारी. पाळ फुटली तर पहिलं घर त्याचंच जाईल, ढिवर मोहल्ला अगदी पाळीखाली आहे.

मी विचारलं, सोनबा, देवीनं सून मागितली हे ऐकलं कोणी?
"स्वप्नात आली ना बाई ते."
एकट्याच्याच?
"देव का ग्रामसभेत येते का?"
हसू आलं. मग मी म्हटलं, समजा आलीही. तरी पोरीला पाण्यात घातलं ते पाप नाही का?
त्यानं जाळं खाली ठेवलं. "मले एक सांगा. जज फाशी लिहिते. कोणीतरी दोर ओढते. मंग तो घरी जाऊन जेवते. त्याले कोणी खुनी म्हणते का? नाही. वरून हुकूम आला म्हणून. अना देवी तं जजाच्याही वर हाये."

घरी येऊन कुकर लावला तेव्हा उत्तर सुचलं. जजापुढे आरोपीला बोलता येतं, वर अपील असतं. त्या पोरीनं अपील कुठं करायचं होतं? बाकी माझी बरीच उत्तरं कुकर लावतानाच सुचतात. तेव्हा समोर माणूस नसतो.

१३ ऑगस्ट, बुधवार
उभ्या नोकरीत गणित शिकवलं. 'समजा' म्हटल्याशिवाय डोकं चालत नाही.

समजा देवी नाहीच. मग उत्तर सोपं आहे, एका घाबरलेल्या माणसानं दुसऱ्याच्या लेकीला बुडवलं. पुढे जायला नको.

समजा देवी आहे, आणि तिनं खरंच मागितली. तर? हे पेपर वाचत होते, त्यांना विचारलं. देवी म्हणेल ते बरोबर का?
"हो."
उद्या म्हणाली, गावातली सगळी लेकरं द्या?
"देवी असं म्हणत नसते."
का नसते?
"अवो, ते वाईट हाये ना!"
म्हणजे वाईट काय ते देवीला विचारायच्या आधीच ह्यांना माहीत आहे. मग त्या सुनेच्या वेळी ते माहीत असलेलं कुठं गेलं? ह्यांनी पेपर उंच केला. मागून आवाज आला, "एकीच्या जिवावर गाव जगलं."
तो हिशोब झाला. हिशोबाला देवी कशाला लागते, तो माणसालाही जमतो. तसं म्हणायची हिंमत नसते म्हणून तर देवी लागते.

पण हेही लिहून ठेवते. ह्याच पाण्यावरचा भात मी इतकी वर्षं खाल्ला. कधी घास अडकला नाही. आजही अडकला नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
उद्या. हिरवी साडी, चुडा, नारळ, सगळं काढून ठेवलं. प्र. नं साडी नेसून बघितली, पदर आखूड पडतो म्हणाली. तिच्या तोंडावर काही दिसत नाही. नर्सची सवय असेल, पेशंटसमोर तोंड तसंच ठेवायची.

मी काय म्हणणार ते हे विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. भीती वाटते. देवीची नाही वाटत. उद्यानंतर ह्या घरात कोण कोणाशी बोलेल त्याची वाटते.

१९ ऑगस्ट, मंगळवार
झालं.

अख्खं गाव पाळीवर. डफडं वाजत होतं. प्र. पाण्यात उतरली, कमरेपर्यंत. सोनबा तिच्याशेजारी. डफडं थांबलं. "देली का?"
मी म्हटलं, नाही.
आवाज बारीक निघाला. सोनबाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही, की त्याला तसं वाटून घ्यायचं होतं. पुन्हा, "देली का?"
नाही दिली.
तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच नाही. तसाच उभा, हात पुढे केलेला. आता त्याला काही करता येईना. जी दिलीच नाही तिला परत कशी मागायची? आजवर कोणी नाही म्हटलंच नव्हतं, त्यामुळे पुढं काय करतात ते कोणालाच माहीत नाही. सगळे बघत होते. कमलबाईंनी तोंडावर पदर घेतला. ह्यांनी मान फिरवली.

प्र. थोडा वेळ थांबली. मग निऱ्या उचलल्या आणि चालत बाहेर आली. काठावर घसरली. मी हात दिला, तो पोचेपर्यंत तिनं बेशरमाचं झुडूप धरलं होतं.

मटण मात्र कोणी सोडलं नाही. पंगती उठल्या, हाडं कुत्र्यांना गेली, आणि एकही माणूस माझ्याशी बोलला नाही.

२१ ऑगस्ट
हे बोलत नाहीत. मीठ हवं असलं की पातेल्याकडे बघून मागतात. प्र. ला ते 'बेटा' म्हणतात, आधीसारखंच. राग माझ्यावर आहे. तो बरोबर पत्त्यावर आहे.

२४ ऑगस्ट, रविवार
पोळा झाला. बैल सजले, माणसं फुगलेली.

पाळीला ओल आली. तुडूम, म्हणजे जिथून तलावाचं पाणी शेतांना सोडतात, त्याच्या बाजूला बाहेरच्या अंगाला माती भिजली आहे. काल तळहाताएवढी होती, आज सुपाएवढी. बातमी पाळीवरून आमच्या दारापर्यंत यायला चहा उकळायचाही वेळ लागला नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार
पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर येऊन गेले. खेकड्यांची बिळं, म्हणाले. जुन्या पाळींना असं होतंच. वाळूची पोती लावा, लक्ष ठेवा, पावसाळ्यानंतर पक्कं करू. भला माणूस, हातानं माती खोदून बीळ दाखवलं, खेकडाही दाखवला.
कमलबाई म्हणाल्या, "खेकडे तं तिचेच होत."
यावर इंजिनिअरांकडे उपाय नव्हता.

२८ ऑगस्ट, गुरुवार
आज लसीकरण. प्र. लशींचा डबा घेऊन सकाळीच गेली. दुपारी लवकर परत. एकही आई आली नाही. उपकेंद्राची आशाताई घरोघर फिरली. कोणाचं लेकरू झोपलेलं, कोणाचं मामाच्या गावाला. एकीनं सरळ सांगितलं, "जे देवीले देली नाही ते माह्या लेकराले हात नाही लावन."

प्र. नं लशी परत पाठवल्या. मग मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मी गेले नाही.

२९ ऑगस्ट
ढिवर मोहल्ल्यातली एक बाई लेकराला कडेवर घेऊन दारावरून गेली. लेकरू गेल्या महिन्यात प्र. कडे हसत यायचं. आज त्या बाईनं त्याचं तोंड पदरानं झाकलं.

मला संताप आला. असा कित्येक वर्षांत आला नव्हता. दार लावून घेतलं आणि भांडी घासली, घासलेलीसुद्धा.

३० ऑगस्ट, शनिवार
समाजमंदिरात बैठक. मला बोलावलं नाही, ह्यांना बोलावलं. येऊन पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. येत्या मंगळवारी पुन्हा ओटी. सून पाण्यात, तू काठावर, तीनदा विचारणार.
तुम्ही काय म्हणालात?
"म्या म्हणलं घरी विचारतो."
एवढं तरी म्हणाले. त्यांच्या मानानं ते पुष्कळ आहे. मग सदरा काढता काढता, "ओल वाढून राहिली. खाली घरं हायेत, शालू." नावानं हाक मारली. घाबरले आहेत. मीही आहे. खेकडे असोत की देवी, पाणी तेच आहे.

सोनबा म्हणे बैठकीत एक शब्द बोलला नाही.

३१ ऑगस्ट, रविवार
अमोल आला. बायकोला भंडाऱ्याला नेतो म्हणतो, बदलीचा अर्ज टाकू म्हणतो. प्र. म्हणाली, "माह्या जागी दुसरी सिस्टर येईपर्यंत या लेकराईच्या लशी कोण देईन? त्यातल्या कितीकाईची तं गोवराचीच राहिली आहे." त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

तो गेल्यावर ती माझ्याजवळ बसली. पट्टा आणला नव्हता, तरी मनगट धरलं.
"आई, म्हणा तुम्ही परवा. मी राहीन उभी."
तूच तर म्हणाली होतीस, तोच खून आहे.
"हो. पण ते पोरगी मरून किती पिढ्या झाल्या. हे लेकरं आता आहेत." मग दुसरीकडे बघत, "शब्दच तं आहे."

अमोलचं वाक्य तिच्या तोंडी. मला फार वाईट वाटलं. ती हरली म्हणून नाही. तिचा हिशोब बरोबर होता म्हणून. आणि एकीच्या जिवावर गाव जगलं हाही हिशोबच होता. ह्या दोन हिशोबांत फरक आहे, नक्की आहे. ही स्वतःला देते आहे, तिला दुसऱ्यांनी दिलं. पण परवा काठावर 'दिली' मीच म्हणायचं आहे, ती नाही.

१ सप्टेंबर, सोमवार
सकाळी पोती बदलली. ओल तशीच. वाढली म्हणणारे वाढली म्हणतात.

दुपारी सोनबा आला. आमच्या ओट्यावर कधी बसत नाही, आज बसला. हे शेतावर. प्र. आत उद्याच्या साडीला पदर जोडत होती. त्यानं आधी आत बघितलं, मग हळू आवाजात, "बाई, मले स्वप्न पडलं."
मी मनात म्हटलं, आता देवी काय मागते.
"देवी आली. ओली होती. म्हणे, म्या मांगतलीच नोती. तुमची तुमीच टाकली माह्या पाण्यात, अना नाव माह्यं घेता."

मग तो म्हणाला, "उद्या पाळीवर सांगतो मी. गाव माह्यं आयकते. पोरीले पाण्यात उतरा नाही लागत, तुमाले काही म्हणा नाही लागत. बाया लेकरं घेऊन येतीन. पण तुमी म्हणसान तं. तुमीच म्हणता, एकट्याच्या स्वप्नाचं काही खरं नसते."

खरंच पडलं का, सोनबा?
"तुमाले काय वाटते?"

मला काय वाटतं. मला वाटतं हा भला माणूस आहे, त्यानं पोरीला थंडगार पाण्यात उभी बघितली, आणि त्याला झोप लागली नाही. किंवा झोप लागली आणि देवी आली. मूळपुरुषाला आली तशी. माझ्याकडे मोजायला काही नाही.

हो म्हटलं तर उद्या सगळं सुटतं. लेकरं सुटतात, प्र. सुटते, हे पुन्हा मीठ माझ्याकडे बघून मागतील. पण मग ती पोर बुडवणं वाईट होतं, ते देवी नाही म्हणाली म्हणून वाईट. आणि पुढल्या साली दुसऱ्या कोणाच्या स्वप्नात देवी हो म्हणाली, की पुन्हा चांगलं. मी काठावर 'नाही' म्हटलं ते कोणाच्या स्वप्नावर म्हटलं नव्हतं.

नाही म्हटलं तर उद्या मला तीनदा 'दिली' म्हणायचं आहे. किंवा पुन्हा 'नाही', आणि गुरुवारी पुन्हा रिकामा दवाखाना, आणि पाळीखाली ह्याचंच घर.

प्र. ला विचारलेलं नाही. ती काय म्हणेल ते मला सांगता येत नाही, आणि विचारलं की माझ्यावरचं ओझं तिच्यावर जाईल.

चहाच्या निमित्तानं आत येऊन हे लिहिते आहे. चहा उकळून खाली आला. सोनबा बाहेरून हाक मारतो आहे, "बाई, हो का नाही तेवढं सांगा. मले जाळं टाकाले जाचं हाये."